बर्कलेचे सहा विभाग आणि ‘कुणाच्या तुलनेत?’ हा प्रश्न

१९७३ च्या शरद सत्रासाठी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले इथल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना आलेले १२,७६३ अर्ज विचारात घेतले गेले. त्यात ८,४४२ पुरुष होते आणि ४,३२१ स्त्रिया. पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्क्यांना प्रवेश मिळाला, स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना. अर्जदारांची संख्या इतकी मोठी असताना नऊ टक्क्यांचा फरक योगायोगाने पडत नाही. संख्याशास्त्राचे प्राध्यापक पीटर बिकेल, मानववंशशास्त्राचे प्राध्यापक आणि पदव्युत्तर विभागाचे सहयोगी अधिष्ठाता यूजीन हॅमेल, आणि त्याच विभागात माहिती-प्रक्रियेचं काम पाहणारे विल्यम ओ’कॉनेल या तिघांनी हे आकडे उलगडले आणि १९७५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आपलं विश्लेषण छापलं. या प्रकरणात विद्यापीठावर खटला भरला गेला, असं अनेक ठिकाणी वाचायला मिळतं. तसा खटला झाला नव्हता; तो होईल अशी धास्ती मात्र होती.

प्रवेश देणारे विभाग १०१ होते. त्यांपैकी १६ विभागांत एकाही स्त्रीचा अर्ज नव्हता किंवा कुणालाच नकार दिलेला नव्हता, त्यामुळे तुलनेला उरले ८५. त्यांतल्या चार विभागांत स्त्रियांचे प्रवेश अपेक्षेपेक्षा लक्षणीय कमी निघाले आणि सहा विभागांत पुरुषांचे. बाकीच्यांत सांगण्यासारखा फरक नव्हता.

सिम्पसनच्या विरोधाभासाचं (एकूण आकड्यांत दिसणारा कल गटागटांत पाहिल्यावर नाहीसा होणं किंवा उलटणं) उदाहरण म्हणून हे प्रकरण सांगितलं जातं आणि बहुतेक वेळा तिथेच सोडलं जातं. मला ते वर्गीय चलांच्या अभ्यासासाठी त्याहून मोलाचं वाटतं. इथला एकही चल मोजपट्टीवर मोजलेला नाही. प्रवेश मिळाला की नाकारला, अर्जदार स्त्री की पुरुष, विभाग कोणता: तिन्ही चल वर्गीय आहेत. अशी माहिती रिग्रेशनमध्ये, म्हणजे एका चलाचा अंदाज इतर चलांवरून बांधणाऱ्या गणितात, घातली की सॉफ्टवेअर आपल्याला न विचारता बरेच निर्णय घेतं, आणि त्यांतला प्रत्येक निर्णय या एकाच प्रकरणात उघड्यावर पाहता येतो.

सगळ्या विभागांचे आकडे सहज मिळत नाहीत, पण सर्वांत मोठ्या सहा विभागांचे मिळतात. ‘आर’ हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर बसवलं की ‘यूसीबीअ‍ॅडमिशन्स’ या नावाने ते सोबतच येतात. विभागांची नावं दिलेली नाहीत, फक्त ए ते एफ अशी अक्षरं आहेत.

| विभाग | पुरुष अर्जदार | प्रवेश | टक्के | स्त्री अर्जदार | प्रवेश | टक्के |
|---|---|---|---|---|---|---|
| ए | ८२५ | ५१२ | ६२.१ | १०८ | ८९ | ८२.४ |
| बी | ५६० | ३५३ | ६३.० | २५ | १७ | ६८.० |
| सी | ३२५ | १२० | ३६.९ | ५९३ | २०२ | ३४.१ |
| डी | ४१७ | १३८ | ३३.१ | ३७५ | १३१ | ३४.९ |
| ई | १९१ | ५३ | २७.७ | ३९३ | ९४ | २३.९ |
| एफ | ३७३ | २२ | ५.९ | ३४१ | २४ | ७.० |
| एकूण | २,६९१ | १,१९८ | ४४.५ | १,८३५ | ५५७ | ३०.४ |

प्रवेश की नकार?

पहिली अडचण विभागाशी पोहोचण्याआधीच येते. हा तक्ता आरमध्ये डेटा फ्रेम म्हणून उलगडला की २४ ओळी मिळतात: प्रवेशाचा निकाल, लिंग, विभाग आणि वारंवारता (त्या ओळीतल्या अर्जदारांची संख्या). निकालाच्या चलात दोन पातळ्या आहेत, ‘अ‍ॅडमिटेड’ आणि ‘रिजेक्टेड’, याच क्रमाने. वारंवारता हे वजन म्हणून देऊन थेट लॉजिस्टिक रिग्रेशन (हो की नाही अशा निकालासाठीचं रिग्रेशन) चालवलं, तर लिंगासमोर स्त्रियांसाठी +०.६१ हा सहगुणक (त्या चलाने निकालात किती फरक पडतो ते सांगणारा आकडा) येतो. धन चिन्ह पाहून स्त्रियांना प्रवेश जास्त मिळाला असं वाचलं जातं, आणि ते साफ उलटं आहे. प्रतिसाद चल (ज्याचा अंदाज बांधायचा तो) फॅक्टर, म्हणजे आरच्या भाषेत वर्गीय चल, असेल तर आरचं ‘जीएलएम’ पहिल्या पातळीला अपयश मानतं आणि उरलेल्या पातळ्यांना यश. इथं पहिली पातळी प्रवेशाची, म्हणजे मॉडेल नकाराची शक्यता मांडत असतं. वर्णानुक्रमात ‘अ‍ॅडमिटेड’ आधी येतं, एवढ्यावरून हे ठरलं.

उपाय सोपा आहे: पातळ्यांचा क्रम स्वतः लिहावा. त्याहून चांगलं म्हणजे प्रत्येक विभाग आणि लिंग यांच्या जोडीसाठी एक ओळ ठेवावी, आणि प्रतिसाद म्हणून प्रवेश व नकार यांचे दोन स्तंभ द्यावेत. म्हणजे २४ ओळींच्या जागी १२. सहगुणक दोन्ही मांडण्यांत तेच येतात (चिन्ह सोडून), पण डेव्हियन्स (मॉडेल माहितीपासून किती दूर राहिलं याचं माप) बदलतो. लिंग आणि विभाग दोन्ही घातलेल्या मॉडेलचा उरलेला डेव्हियन्स २४ ओळींच्या मांडणीत ५,१८७.५ दिसतो, सोबत १७ डिग्रीज ऑफ फ्रीडम (ओळींच्या संख्येतून सहगुणकांची संख्या वजा करून उरतं ते). १२ ओळींच्या मांडणीत तोच २०.२ दिसतो आणि डिग्रीज पाच. मॉडेल माहितीला कितपत बसतं हे फक्त दुसऱ्या मांडणीतून कळतं. पहिल्या मांडणीतला १७ हा आकडा केवळ ओळी मोजून आलेला आहे, त्याला काही अर्थ नाही. पुढचं सगळं १२ ओळींवर, पुरुषांना संदर्भ धरून.

फक्त लिंग घेतलं तर इंटरसेप्ट (संदर्भ गटाचा, म्हणजे इथं पुरुषांचा, आकडा) −०.२२ आणि स्त्रियांचा सहगुणक −०.६१. पुरुषांच्या प्रवेशाचे ऑड्स (प्रवेश भागिले नकार) ११९८ भागिले १४९३, म्हणजे ०.८०. स्त्रियांचे ५५७ भागिले १२७८, म्हणजे ०.४४. दोन्हींचं गुणोत्तर ०.५४, आणि त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम −०.६१. दोनच पातळ्यांच्या चलाचा सहगुणक असा तक्त्यातून हाताने काढून पाहता येतो, आणि तो एकदा तरी काढून पाहावा असा माझा आग्रह आहे. सॉफ्टवेअरच्या आकड्याशी तो जुळला की चिन्ह कुठल्या बाजूचं आहे याबद्दल शंका उरत नाही.

विभाग ए ते एफ, की १ ते ६?

आता विभाग आत आणायचा. आरमधल्या या तक्त्यात तो आधीच फॅक्टर आहे. प्रत्यक्ष कामात मात्र माहिती अशी येत नाही. कार्यालयातून आलेल्या फाइलमध्ये विभागाच्या स्तंभात बहुधा १, २, ३, ४, ५, ६ असतं आणि कोणता आकडा कुणाचा हे वेगळ्या कागदावर. सॉफ्टवेअरला आकडा दिसला की ते त्याला संख्याच समजतं. आरच्या ४.०.० आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, सीएसव्ही वाचताना मजकुराचे स्तंभ आपोआप फॅक्टर होत नाहीत. पण त्याने इथं फारसं बिघडत नाही, कारण रिग्रेशन चालवताना आर मजकुराला वर्गच मानतं. धोका आकड्यांत आहे, आणि तो आधीपासून होता.

जीएसटी क्रमांकाची सुरुवात महाराष्ट्रात २७ ने होते, गोव्यात ३० ने. गोवा महाराष्ट्रापेक्षा तीनने मोठा, असं कुणीही म्हणणार नाही. पण तो स्तंभ तसाच रिग्रेशनमध्ये गेला तर मॉडेल अक्षरशः तेच म्हणतं.

बर्कलेचे विभाग १ ते ६ अशी संख्या म्हणून घातले तर काय होतं ते पाहू. विभागासमोर एकच सहगुणक येतो, सुमारे −०.५५. म्हणजे दर पायरीला लॉग ऑड्स (ऑड्सचा लॉगॅरिदम) तेवढेच घसरतात: ए कडून बी कडे जितके, तितकेच ई कडून एफ कडे. प्रत्यक्षात ए आणि बी मध्ये एकूण प्रवेशाचं प्रमाण ६४.४ आणि ६३.२ टक्के, जवळजवळ सारखंच. बी कडून सी कडे जाताना ते ३५.१ वर कोसळतं. सी आणि डी पुन्हा सारखे. ई मध्ये २५.२, आणि एफ मध्ये थेट ६.४. या जिन्याच्या पायऱ्या समान नाहीत, आणि मॉडेल त्यांना समान करायला बघतं. त्यामुळे बी विभागाचा अंदाज ६३ च्या जागी ५५ टक्क्यांच्या आसपास येतो, एफ चा ६.४ च्या जागी सुमारे १२. उरलेला डेव्हियन्स शंभराच्या घरात जातो, डिग्रीज ऑफ फ्रीडम नऊ.

आता लक्ष देण्यासारखी गोष्ट. या चुकीच्या मॉडेलमध्येही लिंगाचा सहगुणक जवळपास शून्यच येतो, ०.०१ च्या आसपास. निष्कर्ष तोच निघतो, म्हणून चूक लक्षात येत नाही. तो तसा निघाला याचं कारण एवढंच की या तक्त्यात अक्षरं प्रवेशाच्या उतरत्या प्रमाणाने लावलेली आहेत. १ ते ६ हा क्रम योगायोगाने अर्थपूर्ण ठरला. विभागांना त्यांच्या खऱ्या नावांच्या वर्णानुक्रमाने आकडे दिले असते, तर कठीण आणि सोपे विभाग एकमेकांत मिसळले असते आणि एका सरळ रेषेला ते पकडता आले नसते. आकड्यांचा क्रम प्रवेशाच्या प्रमाणाशी पूर्ण असंबद्ध असता, तर ‘विभाग नियंत्रित केला’ असं अहवालात लिहूनही लिंगाचा सहगुणक −०.६१ च्या आसपासच राहिला असता.

विभाग फॅक्टर म्हणून घातला की आर सहा विभागांसाठी पाच डमी चल (त्या विभागाला १, बाकीच्यांना ०) तयार करतं. ए साठी डमी नाही. ए चा आकडा इंटरसेप्टमध्ये आहे. निकाल असा:

इंटरसेप्ट ०.५८, स्त्री ०.१०, बी −०.०४, सी −१.२६, डी −१.२९, ई −१.७४, एफ −३.३१.

इंटरसेप्ट म्हणजे ए विभागात अर्ज केलेल्या पुरुषाचे लॉग ऑड्स. एफ समोरचा −३.३१ म्हणजे त्याच लिंगाच्या अर्जदारासाठी एफ आणि ए यांच्यातला फरक. स्त्रीसमोरचा ०.१० म्हणजे एकाच विभागात अर्ज केलेल्या स्त्री आणि पुरुषातला फरक, सगळ्या विभागांत तो सारखाच आहे असं धरून. त्याची प्रमाण त्रुटी (अंदाज किती डळमळीत आहे याचं माप) ०.०८, ऑड्स रेशो (दोन्ही ऑड्सचं गुणोत्तर) १.१०, आणि ९५ टक्के विश्वासांतर (खरा आकडा ज्यात असावा तो पल्ला) साधारण ०.९४ ते १.२९. −०.६१ चा +०.१० झाला, आणि शून्यापासून वेगळा म्हणण्याइतका तो राहिला नाही.

बी समोरची पी-व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) ०.६९ आहे. ती पाहून ‘बी महत्त्वाचा नाही, काढून टाकू’ असं करणारे पुष्कळ भेटतात. बी काढला म्हणजे प्रत्यक्षात काय झालं? बी चे ५८५ अर्जदार गुपचूप ए मध्ये जमा झाले. ०.६९ इतकंच सांगते की बी आणि ए यांत फरक दिसत नाही. संदर्भ एफ असता तर हाच बी अत्यंत लक्षणीय ठरला असता, सहगुणक +३.२६. विभाग या चलाचं महत्त्व एकेका डमीवरून ठरवता येत नाही, पाचही डमी एकत्र काढून पाहावे लागतात. फक्त लिंग असलेल्या मॉडेलचा डेव्हियन्स ७८३.६, विभाग घातल्यावर २०.२. पाच डिग्रीजच्या बदल्यात ७६३.४ ची घट. विभागाबद्दलचा प्रश्न इथं संपतो.

संदर्भ गट कुणी ठरवला?

ए हा संदर्भ कुणी निवडला? कुणीच नाही. तो यादीत पहिला होता. आरची सवय पहिल्या पातळीला संदर्भ धरण्याची आहे, आणि पातळ्या स्वतः दिल्या नाहीत तर त्या वर्णानुक्रमाने लागतात. महाराष्ट्रातले जिल्हे इंग्रजी स्पेलिंगने दिले तर संदर्भ जिल्हा अहमदनगर होईल, नवं नाव अहिल्यानगर लिहिलं तरी तोच राहील, आणि पुणे, नागपूर, गडचिरोली सगळे त्याच्या तुलनेत मोजले जातील. तशी तुलना कुणाला हवी होती का, हा प्रश्न संगणकासमोर कधी येतच नाही.

इतर सॉफ्टवेअरच्या सवयी वेगळ्या आहेत, आणि एकाकडचा निकाल दुसऱ्याकडे नेणाऱ्याची इथेच फसगत होते. स्टाटामध्ये चलाआधी ‘आय’ आणि टिंब लावलं की तो वर्ग मानला जातो, आणि सर्वांत लहान कोड संदर्भ होतो. ते ‘आय’ आणि टिंब लावायचं विसरलं तर चल संख्या म्हणून आत जातो आणि कसलाही इशारा मिळत नाही. एसपीएसएसच्या लॉजिस्टिक रिग्रेशनमध्ये ‘कॅटेगॉरिकल’ या बटणाखाली चल नेऊन ठेवावा लागतो, आणि तिथं शेवटचा वर्ग हा संदर्भ असतो. म्हणजे इथं एफ. त्यामुळे त्याच माहितीवर विभागांचे सगळे सहगुणक धन दिसतात: ए ३.३१, सी २.०४, ई १.५७. एसपीएसएसच्या साध्या लिनियर रिग्रेशनच्या खिडकीत तर वर्गीय चलाची सोयच नाही, डमी स्वतः करून घ्यावे लागतात.

सर्वांत जास्त गोंधळ एसएएसच्या ‘प्रॉक लॉजिस्टिक’मध्ये होतो. तिथं ‘क्लास’ लिहिलं की मुळात डमी कोडिंग होतच नाही, इफेक्ट कोडिंग होतं: स्त्री +१, पुरुष −१. सहगुणक मग स्त्री-पुरुषांतला पूर्ण फरक सांगत नाही, दोघांच्या मध्यबिंदूपासूनचं अंतर सांगतो, म्हणजे निम्मं. आरमध्ये ०.१० आलेला आकडा तिथं ०.०५ येतो. त्याचा घातांक काढून १.०५ हा ऑड्स रेशो म्हणून लिहिला तर तो चूक, खरा १.१० आहे, आणि एसएएस स्वतःच्या ऑड्स रेशोच्या तक्त्यात तो बरोबर छापतं. दोन तक्ते एकमेकांशी जुळत नाहीत असं वाटून लोक सॉफ्टवेअरला दोष देतात. ‘पॅराम’ला ‘रेफ’ सांगितलं की दोन्ही जुळतात.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत दोन वाटा आहेत, स्टॅट्समॉडेल्स आणि सायकिट-लर्न या दोन लायब्ररी. स्टॅट्समॉडेल्सच्या सूत्रात ‘सी’ च्या कंसात विभाग लिहिला की आरसारखंच वागतं, आणि संदर्भही तिथेच सांगता येतो. सायकिट-लर्नचा ‘वनहॉट एन्कोडर’ मात्र सांगितल्याशिवाय एकही स्तंभ सोडत नाही. सहा विभागांचे सहा स्तंभ आणि वर इंटरसेप्ट म्हणजे स्तंभांची बेरीज नेहमी एक, आणि सहगुणक एकमेव राहत नाहीत. आर अशा वेळी शेवटच्या स्तंभासमोर ‘एनए’ लिहून मोकळं होतं. सायकिट-लर्नचं लॉजिस्टिक रिग्रेशन काही बोलत नाही, कारण त्यात मुळातच एल-टू दंड (सहगुणकांना शून्याकडे ओढणारी अट) लावलेला असतो आणि दंडामुळे एक उत्तर निघतं. भाकितासाठी ते चालेल. सहगुणक वाचून बर्कलेसारखा प्रश्न सोडवायचा असेल तर ते वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शून्याकडे ओढलेल्या सहगुणकाला कुणाच्या तुलनेत वाचायचं, याचं साधं उत्तर तिथं नाही.

संदर्भ बदलला म्हणून मॉडेल बदलत नाही. अंदाज तेच, डेव्हियन्स तोच, स्त्रीसमोरचा ०.१० सुद्धा तोच. बदलतात फक्त विभागांच्या ओळी आणि इंटरसेप्ट. आंतरक्रिया (एका चलाचा परिणाम दुसऱ्या चलाप्रमाणे बदलू देणं) आली की मात्र हे खरं राहत नाही.

ए विभाग

पाच डिग्रीजवर २०.२ हा डेव्हियन्स बराच आहे; मॉडेल बरोबर असेल तर इतका किंवा याहून मोठा आकडा येण्याची शक्यता हजारात एकाच्या आसपास. म्हणजे ‘स्त्री-पुरुषांतला फरक सगळीकडे सारखाच’ हे गृहीतक टिकत नाही. कुठे टिकत नाही ते तक्त्यात डोळ्यांनीही दिसतं. ए विभागात पुरुषांसाठी मॉडेलचा अंदाज ६४ टक्के, प्रत्यक्षात ६२. स्त्रियांसाठी अंदाज ६६, प्रत्यक्षात ८२.

म्हणून लिंग आणि विभाग यांची आंतरक्रिया घालायची. बारा ओळी, बारा सहगुणक, मॉडेल माहितीला तंतोतंत बसतं. आरच्या निकालात आता ‘स्त्री’ या ओळीत १.०५ दिसतो, पी-व्हॅल्यू ०.०००१ हून कमी, शेजारी तीन तारे (अत्यंत लक्षणीय असल्याची आरची खूण). त्याखाली आंतरक्रियेच्या पाच ओळी, सगळ्या ऋण: बी −०.८३, सी −१.१८, डी −०.९७, ई −१.२५, एफ −०.८६.

हा निकाल घाईत वाचणारा दोन गोष्टी म्हणेल. एक, विभाग लक्षात घेतल्यावर स्त्रियांनाच मोठं झुकतं माप मिळालं. दोन, बी ते एफ या पाचही विभागांत स्त्रियांवर अन्याय झाला. दोन्ही विधानं चूक आहेत, आणि आकडे मात्र सगळे बरोबर. आंतरक्रिया असताना ‘स्त्री’ ही ओळ फक्त संदर्भ विभागाबद्दल बोलते. १.०५ हा केवळ ए विभागातला फरक आहे. सी मधला फरक हवा असेल तर १.०५ मध्ये −१.१८ मिळवायचे: −०.१२ (पुढचे दशांशही धरून). याच रीतीने बी मध्ये +०.२२, डी मध्ये +०.०८, ई मध्ये −०.२०, एफ मध्ये +०.१९. शून्याच्या अवतीभवती पसरलेले पाच आकडे, त्यांतला एकही लक्षणीय नाही. आंतरक्रियेच्या ओळी ऋण आहेत कारण त्या ए शी तुलना करतात, आणि ए मध्येच फरक असाधारण मोठा आहे.

आता संदर्भ विभाग बदलून सी करा. आरमध्ये त्यासाठी ‘रीलेव्हल’ची एक ओळ पुरते. तेच मॉडेल, तीच माहिती, तोच डेव्हियन्स. ‘स्त्री’ या ओळीत −०.१२, प्रमाण त्रुटी ०.१४, तारा एकही नाही. दोन विद्यार्थ्यांनी हे दोन निकाल शेजारी ठेवले तर एकाच्या हातात भेदभावाचा ठोस पुरावा आहे असं वाटेल आणि दुसऱ्याच्या हातात काहीच नाही. दोघांनीही एकच मॉडेल चालवलेलं आहे. म्हणून आंतरक्रिया असताना सहगुणकांचा कच्चा तक्ता अहवालात देऊच नये असं मला वाटतं. प्रत्येक विभागातला स्त्री-पुरुष फरक आणि त्याचं विश्वासांतर अशा सहा ओळी द्याव्यात. बी विभागात प्रमाण त्रुटी ०.४४ आहे, कारण तिथं स्त्रियाच फक्त २५ होत्या. ही गोष्टही त्या सहा ओळींत आपोआप दिसते.

तक्त्याकडे इतकं पाहिल्यावर आणखी एक मॉडेल सुचतं. विभागाचे पाच डमी ठेवायचे, लिंगाचा सर्वसाधारण सहगुणक काढून टाकायचा, आणि त्याऐवजी एकच नवा डमी हाताने तयार करायचा: अर्जदार स्त्री असेल आणि विभाग ए असेल तर १, नाही तर ०. सहगुणकांची संख्या आधीच्या साध्या मॉडेलइतकीच, सात. डेव्हियन्स २०.२ वरून २.७ वर येतो, डिग्रीज पाचच. सात आकड्यांत तक्त्यातले बाराही टक्के जवळपास नेमके मिळतात. कोणत्याही सॉफ्टवेअरच्या मेनूमध्ये हा डमी नाही, तो तक्ता वाचणाऱ्यालाच सुचावा लागतो. आधी आकडे पाहून मग डमी बनवला असल्यामुळे त्याची पी-व्हॅल्यू मात्र डोळे झाकून स्वीकारू नये. ए विभागातला ऑड्स रेशो २.८६ आणि त्याचं विश्वासांतर १.७१ ते ४.७९, इतकं सांगून सहा विभागांतला हा एकच वेगळा निघाला हेही शेजारी लिहावं.

ए हा अभियांत्रिकीचा विभाग असावा, स्त्रियांची संख्या कमी म्हणून त्यांना प्रोत्साहन दिलं असावं, असे तर्क सर्रास केले जातात. तक्त्यात विभागाचं नाव नाही. १०८ स्त्रियांनी अर्ज केले आणि ८९ जणींना प्रवेश मिळाला, एवढंच त्यात आहे.

विभाग डावीकडे

शेवटचा मुद्दा सॉफ्टवेअरच्या पलीकडचा आहे, पण तो सोडला तर प्रकरण अर्धवट राहील. विभाग घातल्यावर लिंगाचा सहगुणक नाहीसा झाला, म्हणून अन्याय झालाच नाही असं म्हणता येईल का? पुरुष अर्जदारांपैकी ५१.५ टक्के ए आणि बी मध्ये गेले, जिथं तिघांतल्या दोघांना जवळपास प्रवेश मिळत होता. स्त्रियांपैकी तिथं गेल्या फक्त ७.२ टक्के. उरलेल्या सगळ्या सी ते एफ मध्ये, जिथं दार अरुंद होतं. एकूण आकड्यांतला फरक इथून आलेला आहे.

म्हणजे विभाग हा लिंग आणि प्रवेश यांच्या वाटेवर मध्ये उभा असलेला चल आहे. तो मॉडेलमध्ये घातला की ‘एकाच विभागात अर्ज केलेल्या स्त्री-पुरुषांना सारखी वागणूक मिळाली का’ या प्रश्नाचं उत्तर मिळतं. प्रवेश समितीला जबाबदार धरायचं असेल तर हाच प्रश्न योग्य आहे. स्त्रिया मुळात त्या विभागांकडे का वळल्या, हा प्रश्न वेगळा, आणि विभागाला नियंत्रित करताना तो मॉडेलमधून पुसला जातो. बिकेल, हॅमेल आणि ओ’कॉनेल यांनी हे लपवलं नाही. स्त्रियांना आधीच्या शिक्षणातून आणि सामाजिक वळणातून गर्दीच्या, कमी प्रवेश देणाऱ्या विषयांकडे ढकललं जातं, असं त्यांनी आपल्या लेखात मांडलं, आणि गणिताची तयारी मागणाऱ्या विषयांत स्त्रियांचे अर्ज कमी होते याकडे लक्ष वेधलं.

त्या प्रश्नासाठी रिग्रेशन करायचं झालं तर विभाग समीकरणाच्या उजव्या बाजूला राहत नाही, डावीकडे येतो: कुणी कोणता विभाग निवडला. सहा वर्ग, त्यांना क्रम नाही, म्हणजे मल्टिनॉमियल लॉजिस्टिक रिग्रेशन (दोनहून जास्त वर्गांच्या निकालासाठीचं). तिथंही संदर्भ विभाग निवडावा लागतो, आणि उजवीकडे प्रत्येक अर्जदाराचे पदवीचे विषय, गणिताचे अभ्यासक्रम, गुण हवेत. आरसोबत येणाऱ्या चोवीस ओळींत यातलं काहीही नाही.